दर्यापारचा घोट

माझी लेक प्रणिता मस्कतच्या इस्पितळात नर्स आहे. ज्या वर्षी रोगाची साथ आली आणि विमानं बंद झाली, त्या वर्षी तिचा फोन आठवडा आठवडा लागत नसे. तेव्हा मी देवी वेळाईपुढे हात जोडून बोलले होते, की माझं लेकरू घरी येऊन माझ्या हातचं पाणी पिईपर्यंत सकाळचा पहिला घोट मी माझ्या तोंडी घालणार नाही. तो घोट तिचा. रोज उठायचं, कळशी घ्यायची, खाली त्या काळ्या खडकावर यायचं, आणि पहिली ओंजळ तिच्या नावाने सोडायची. मग घरी जाऊन चहा.

देवीने ऐकलं. लेक आली, पाणी प्याली, पुन्हा कामावर गेली. नवस तर फिटला, पण ओंजळ सोडायची सवय काही सुटली नाही. आमच्या कोंडवेळेत ती कुणाचीच सुटत नाही म्हणा.

तुम्ही झरा बघायला आलात, आणि नेमक्या भरतीला आलात. आता थोडं थांबायला हवं. त्या तिथे, जिथे लाट फुटून पांढरं होतंय ना, तिथे पाण्याखाली खडकाला एक भेग आहे. भरती असली की त्यावर माणूस बुडेल इतका समुद्र असतो. सुकती लागली, म्हणजे ओहोटी हो, की पाणी मागे सरतं, खडक उघडा पडतो, आणि त्या भेगेतून गोडं पाणी वर येतं. आधी येतं ते खारट, समुद्राने मागे ठेवलेलं. ते वाहून गेलं की गोड. चहूबाजूंनी खारा दर्या, आणि मध्ये हे एवढंसं गोडं पाणी. त्याला येसूचा झरा म्हणतात. शाळेच्या सहली येतात, मुलं आधीच ओंजळी भरतात आणि थू थू करत पळतात. खारं जायची वाट बघायला कुणाला धीर नसतो. तुम्ही बसा या पायरीवर. तोवर मी सांगते.

मघाशी वाटेत तुमच्यातल्या ताई मला विचारत होत्या, की दर्यापार म्हणजे परदेशच ना? पुस्तकात तसंच असेल. पूर्वी आमच्याकडेही तसंच होतं असं सांगतात. गलबतातून खजूर यायचा तो दर्यापारचा खजूर, काचेचे मणी यायचे ते दर्यापारचे मणी. कुणी फार लांब मुलगी दिली तर बायका हळहळायच्या, दर्यापार दिली गो पोरीला. आणि जो जाऊन परत आलाच नाही, त्याच्याबद्दलही आवाज खाली करून तोच शब्द. शब्द एकच, पण ज्याच्या तोंडी जसा पडेल तसा.

आता मात्र आमच्या गावात तो एकाच रीतीने बोलतात. कोंडवेळेत कुणी कुवेतला, मस्कतला, बोटीवर, कुठेही समुद्रापलीकडे असला, तर तो गेला असं म्हणायचं नाही. म्हणायचं, दर्यापार आहे. घरात माणसं किती असं जनगणनेच्या बाईंनी विचारलं तर आमच्या बायका सांगतात, चार आणि एक दर्यापार. बाई बिचारी गोंधळते. नळावर नव्या सुनेला चिडवतात, "काय गो, तुझा दर्यापार काय म्हणता?" ती पण कमी नसते. म्हणते, "म्हणता, पाणी जपून वापर, माझो घोट ठेव." हसून हसून कळश्या हिंदकळतात. पण गंमत केली तरी त्या शब्दाला कुणी धक्का लावत नाही. त्याला कारण येसू.

येसू ही धाकू तांडेलाची बायको. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य, ज्याच्या शब्दावर शीड चढतं नि उतरतं. फार जुनी गोष्ट आहे, वाऱ्यावर गलबतं चालायची तेव्हाची. पावसाळा सरला, नारळ दर्याला देऊन झाला, दिवाळी आटोपली, की आमच्या बंदरातली गलबतं काथ्या, नारळ, लाकूड भरून मस्कत, बसरा, बाहरीनकडे निघायची. वैशाख संपायच्या आत परतायची. पुढे दर्या बंद. मग कोण कुठे आहे त्याची वाट चार महिने कुणी बघायची नाही, अशी रीत.

या गावात तेव्हा दोन विहिरी होत्या, अजून आहेत. एक ही बंदरावरची, तुम्ही आलात त्या वाटेवर डाव्या हाताला. ओहोटीला तिचं पाणी बरं असतं, भरतीला मचूळ होतं, आणि उधाणाच्या दिवशी खाली कुठूनशी समुद्राची वाट फुटते तसं थेट खारं. दुसरी वर वेळाईच्या देवळामागे. तिच्यावर सुरंगीचं झाड वाकलेलं आहे. फुलं पाण्यात पडतात, फुलांचे दिवस नसले तरी त्या पाण्याला मंद वास असतो. गलबताची पिंपं त्या वरच्या विहिरीच्या पाण्याने भरायची, आणि ती तांडेलाच्या घरच्या बाईने भरायची. समुद्रावर धान्य संपलं तर मासा मिळतो. पाणी संपलं तर काही नाही. म्हणून ते काम नोकराचाकराचं नव्हे, घरच्या हाताचं.

भरून झालं की प्रत्येक पिंपातलं पाणी चाखायचं, मगच झाकणावर ओला कपडा आणि माती बसवायची. आणि दुसरी एक रीत अशी, की गलबत निघायच्या दिवशी तांडेलाच्या बायकोने निर्जळी उपास करायचा. शीड नजरेआड होईपर्यंत पाण्याचा थेंब ओठाला लावायचा नाही. तेव्हा चाखण्याचं काम सासूकडे असे. येसूची सासू म्हाळसा. तोंडाची फटकळ, पण तिची जीभ अशी की ओहोटीचं पाणी कुठलं नि भरतीचं कुठलं, ते डोळे मिटून सांगेल.

त्या वर्षी कार्तिकी पौर्णिमेला, असं सांगतात, वारा अचानक फिरला. दोन दिवसांनी निघायचं ठरलं होतं. धाकू धावत घरी आला, आता निघालो तर निघालो, हा वारा पुन्हा मिळायचा नाही. लहान पिंपं भरून गलबतावर चढलेली होती. थोरलं पिंप तेवढं अर्धं होतं. येसू वरच्या विहिरीवरून कळशी आणत होती, पण वर जायचं म्हणजे चढ, आणि बंदरावरून शिंगाचा आवाज चाललेला. ती खाली बंदराच्या विहिरीकडे वळली. जन्म किनाऱ्यावर गेलेली बाई ती, भरती-ओहोटी तिला कुणी शिकवायला नको. पण त्या दिवशी तिची नजर पाण्यावर नव्हती, शिडावर होती. पौर्णिमेचं उधाण चढत होतं, आणि ती कळशीमागून कळशी ओतत होती.

सासूने लांबून विचारलं, "चाखलंस गो?"

"माझो उपास आसा, आत्ये."

"बरां, मी येतंय चाखूक."

म्हाळसा यायला निघाली आणि तेवढ्यात पूजेचा नारळ कुठे ठेवला म्हणून धाकूने तिलाच हाक मारली. नारळ सापडला. ओवाळणी झाली. खलाशांनी पिंपावर येसूने घाईत बसवलेला कपडा आणि माती बघितली, म्हणजे चाखून झालंय असं समजून ते उचललं. थोरलं पिंप नेहमी तळाशी ठेवायचं आणि सगळ्यांत शेवटी उघडायचं. तसं ते तळाशी गेलं.

शीड नजरेआड झालं. बायका घरी परतल्या. येसूने उपास सोडायला कळशी तोंडाला लावली. त्याच शेवटच्या खेपेचं पाणी तळाला उरलं होतं.

खारं.

ती तो घोट थुंकली नाही म्हणतात. गिळला. आणि कळशी तिथेच ठेवून बंदरावर धावली. तिचे दीर होडी घेऊन निघालेसुद्धा, पण वल्ह्याची होडी कुठे आणि भरल्या शिडाचं गलबत कुठे. दिवस मावळायला रिकामे परत आले.

आता बघा, त्या बाईच्या मनात काय चाललं असेल. गलबतावर आज काही कमी नाही. लहान पिंपांतलं पाणी चांगलं आहे. ते हसत-गात चालले असतील. पण एक दिवस ती पिंपं संपतील, समुद्राच्या अगदी मधोमध, आणि तेव्हा तिच्या हाताने भरलेलं थोरलं पिंप उघडतील.

सासूने आधी आकांत केला. "पोराक माझ्या तहानेन मारलंस!" असं भर अंगणात म्हणाली. दुसऱ्या दिवशी येसू वेळाईच्या देवळात गेली आणि गुरवाला म्हणाली, गाऱ्हाणं घाला. गुरवाने तांदूळ हातात घेतले. येसूने देवीसमोर शब्द दिला, की दर्यापार माझा माणूस गोडं पाणी पिईल तेव्हा मी गोडं पाणी पिईन. तोवर माझ्या हातून जे त्याला गेलं, ते मी पिईन.

त्या दिवसापासून ती बंदरावरच्या विहिरीचं भरतीच्या वेळचं मचूळ पाणी पिऊ लागली. पेजसुद्धा त्याच पाण्याची. शेजारणीला म्हणायची, मीठ घालायला नको, एवढी सोय झाली. आणि रोज ओहोटीला वरच्या विहिरीवरून गोड्या पाण्याची कळशी भरून आणायची, या खडकावर उभी राहायची आणि समुद्रात ओतायची.

बायकांना आधी कीव आली, मग हसू आलं. त्यांत काशी सगळ्यांत पुढे. काशी म्हणजे खलाशी लुमाची आई. लुमा धाकूच्याच गलबतावर होता. पण काशीला पिंपाची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. गुरवाने आणि म्हाळसेने ठरवलं होतं, बाकीच्या घरांत सांगून त्यांच्या जिवाला घोर कशाला. तेव्हा काशी मोकळ्या मनाने हसायची.

"काय गो येसू, दर्या गोडो करूक निघालंस काय?"

"सगळो नाय गो काकी. एका घोटाइतको झालो तरी पुरे."

गुरवालाही राहवेना. तो म्हणाला, "बाये, दर्यात पाणी घालून काय होतला?" येसू म्हणाली, "माझ्या हातचो खारो घोट थंय त्यांच्या पिंपात आसा. माझ्या हातचो गोडो घोट हंय दर्यात पडांदे. दर्या एकच मां?" पुढे कधी गुरवाने विचारलं नाही.

हिवाळा सरला. येसूचे ओठ फुटले, अंग सुकलं. गुरवाने एक पळवाट काढून दिली, शहाळं पी, ते काही पाणी नव्हे, फळ आहे. ती हसली आणि म्हणाली, देवी माझ्यापेक्षा हुशार आहे. एके दुपारी ती बंदरावरच्या विहिरीवर गेली तर तिथे म्हाळसा पाणी शेंदत होती. ऐन भरतीत. घरी वरच्या विहिरीचं पाणी भरलेलं असताना. येसूने तिच्याकडे बघितलं. म्हाळसा फटकळपणे म्हणाली, "बघतंस काय? चाखूचा माझा काम होता." दोघी ती कळशी धरून घरी आल्या. त्या दिवसापासून त्या घरात भांडण झालं नाही, असं म्हणे.

फाल्गुनात पहिली गलबतं परतली. मग चैत्रात आणखी. खजुराच्या करंड्या उतरल्या, बायकांनी आपापल्या माणसांना ओवाळलं. धाकूच्या गलबताची बातमी कुणाकडे नव्हती. एका गलबताने त्याला बाहरीनच्या अलीकडे शीड पाडून उभं असलेलं लांबून बघितलं होतं, वारा पडला होता तेव्हा. पुढचं माहीत नाही. वैशाख अर्धा उलटला. राहिलेली गलबतं किनाऱ्यावर ओढून त्यांच्यावर माडाची झापं घातली. आभाळ खालच्या अंगाने काळवंडू लागलं.

मग एक दिवस गावकर, म्हणजे गावाचे मानकरी, येसूच्या अंगणात येऊन बसले. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण रीत होती. दर्या बंद होण्याआधी ज्यांचं गलबत आलं नाही त्यांना गेलं म्हणायचं, दर्याच्या काठी तिळाचं पाणी द्यायचं, आणि त्यांच्या बायकांनी बांगड्या उतरवायच्या. इतर खलाशांच्या घरच्या बायका उंबऱ्याशी उभ्या होत्या. काशी होती. आता तिला हसू येत नव्हतं.

गावकर म्हणाले, "पोरी, आता गेलो म्हणूक होया."

"गेलो नाय," येसू म्हणाली. "दर्यापार आसा."

"तेचो अर्थ तोच गो."

"नाय. मेलेल्याक देतत ता पाणी तिळाचा. मी रोज देतंय ता पिण्याचा पाणी. माझ्या कळशेत तीळ बघलास कधी?"

मग येसूने सगळ्यांसमोर पिंपाची गोष्ट सांगितली. काही लपवलं नाही. काशीला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. बायका शिव्या देतील, माती फेकतील, असं येसूला वाटलं असेल. पण कुणी काही केलं नाही. गावकर उठले आणि एवढंच म्हणाले, की वैशाखी अमावस्येची ओहोटी होऊ दे. तोवर थांबतो. त्यानंतर नाही.

वैशाखी अमावस्येची ओहोटी फार मोठी असते. एरवी कधी न दिसणारा खडक त्या दिवशी उघडा पडतो. येसू कळशी घेऊन उतरली. मागे गाव उभं होतं, गुरवाच्या हातात ताट, ताटात तीळ, ते तिला माहीत होतं. पण तिने मागे बघितलं नाही. तोल सांभाळत ती अगदी टोकाला गेली. अंगात जोर नव्हता. शेवाळावरून पाय सरकला आणि कळशी हातातून सुटून खडकाच्या भेगेत अडकली. सगळं पाणी भेगेत गेलं.

कळशी काढायला तिने हात घातला. हात थंड झाला. तिला वाटलं, आपणच ओतलेलं पाणी. तिने कळशी ओढून काढली, तर भेगेतून पाणी वर येत होतं. थांबतच नव्हतं. डोळ्यांत खार गेला होता म्हणून तिने ओंजळभर तोंडावर मारलं, आणि ओठाला लागलं ते गोड.

तिने पटकन तोंड पुसलं. शब्द दिलेला होता. वळून हाक मारली, "आत्ये! चाखूक या!"

म्हाळसा पदर खोचून, त्या वयात, त्या निसरड्यातून आली. ओंजळ भरली. डोळे मिटले. कितीतरी वेळ पाणी तोंडात धरलं. मग एवढंच म्हणाली, "सुरंगी."

गाव धावलं. सगळे प्याले, सगळे रडले. गुरव येसूला म्हणाला, देवीने कौल दिला, आता तरी पी. ती म्हणाली, देवीने मला पाणी दाखवलं, त्यांना मिळालं का ते अजून सांगितलं नाही. आणि त्या झऱ्याच्या कडेला, पाणी पायांवरून वाहत असताना, ती कोरड्या ओठांनी बसून राहिली. गुरवाने तिळाचं ताट देवळात परत नेऊन ठेवलं. त्या दिवशी कुणाला ते पुढे करवेना.

भरती चढायच्या आधी खाडीच्या तोंडाशी शीड दिसलं.

फाटलेलं शीड, तिरकं चाललेलं गलबत. पण ओळखीचं. सगळा गाव ओरडत पाण्यात शिरला. येसूही गुडघाभर पाण्यात गेली. धाकू होडीतून उतरला. दाढी वाढलेली, गालांची हाडं वर आलेली. ती ना पाया पडली ना रडली. तिने एकच विचारलं.

"गोडा पाणी गावला तुमका?"

"गावला," तो म्हणाला. "दर्याच्या पोटात गावला."

तेव्हा येसू मागे वळली, खडकावर वाकली, आणि पोटभर पाणी प्याली.

मागाहून धाकूने सांगितलं ते असं. बाहरीनच्या अलीकडे वारा पडला. लहान पिंपं संपली, थोरलं उघडलं, आणि पहिल्याच खलाशाने तोंड वाकडं केलं. दिवसामागून दिवस समुद्र तेलासारखा. जिभा सुजल्या. तेव्हा लुमा म्हणाला, मी होडी घेऊन पाणी शोधतो. सर्वांत अंगात जोर असलेला तोच. तो उत्तरेकडे वल्हवत गेला. आणि दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडून मोती काढणाऱ्यांची नाव आली. भाषा कळेना. धाकूने नुसतं तोंडाकडे बोट केलं. एक पाणबुड्या हसला, पायाला दगड बांधला, काखेत रिकामी कातडी पखाल घेतली आणि खोल बुडी मारली. वर आला तेव्हा पखाल भरलेली. खाऱ्या समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचा झरा होता. धाकू म्हणे, मी पहिला घोट घेतला आणि मला वाटलं मी घरी आलो, कारण त्या पाण्याला सुरंगीचा वास होता.

मग येसूने पिंपाचं आणि उपासाचं सगळं सांगितलं. धाकू म्हणाला, "तुझ्या उपासान आमका सगळ्यांका उपास घडवलो गो!" तेव्हा कुठे ती रडली.

पण गोष्ट इथे संपत नाही. इथे संपली असती तर ती येसूच्या घरची गोष्ट झाली असती, गावाची झाली नसती.

त्या दिवशी सगळे उतरले तरी काशी पाण्यातच उभी होती. एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. "माझो लुमा खंय?" धाकूने तिचा हात धरून सांगितलं, की वारा सुटल्यावरही आम्ही निघालो नाही. लुमाला शोधत होतो. बेटं पालथी घातली, मोतीवाल्यांना विचारलं, म्हणूनच एवढा उशीर झाला. होडी सापडली नाही. बुडालेलीही सापडली नाही.

गावकर हळूच म्हणाले, काशीचं तेवढं उरकून घेऊ, ताट देवळात आहेच.

येसू पुढे आली. तिचा नवस फिटला होता. आता तिने घरी जावं, माणसाला न्हाऊ-जेवू घालावं, एवढंच उरलं होतं. पण तिने ती पोचे पडलेली कळशी झऱ्यातून भरली आणि काशीच्या हातात दिली.

"काकी, ही घे. तुझो लुमा दर्यापार आसा."

काशी म्हणाली, "मी तुका हसलंय गो."

"मग आता दोघी मिळून घालूया. एका घोटाइतको गोडो होयत."

काशीने हात उचलला आणि लेकाचं नाव घेऊन पाणी सोडलं. पाठोपाठ म्हाळसेने सोडलं. मग ज्यांची माणसं परत आली होती त्या बायकांनीही सोडलं, लुमाच्या नावाने. तीळ कुणीच घातले नाहीत. येसूने त्यानंतर मरेपर्यंत रोज पहिली ओंजळ लुमाला दिली म्हणतात, आणि काशीच्या माघारी तर तिनेच दिली.

लुमा आला का? तुम्ही विचारणारच. सगळे विचारतात. कुणी सांगतात, पुष्कळ वर्षांनी एका अरबी गलबतातून पिकल्या दाढीचा एक माणूस उतरला, कुणाशी न बोलता ओहोटीची वाट बघत या खडकावर बसला आणि झऱ्याचं पाणी पिऊन काशीच्या घराकडे चालू लागला. कुणी म्हणतात, तसं काही झालं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या चुलत सासूबाईंना हेच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "ता विचारूचा नसता गो. पाणी घालूचा असता."

आजही कोंडवेळेत नारळी पौर्णिमेला आधी इथे गाऱ्हाणं होतं, मग नारळ दर्यात जातो. गुरव म्हणतो, "बा देवी वेळाई, तुझी जी लेकरां दर्यापार आसत, त्यांका थंय गोडा पाणी गावांदे, आणि त्यांची पावलां परत ह्या किनाऱ्याक लागांदे गे माये!" आणि सगळा गाव म्हणतो, "व्हय गे माये!" आजही गलबताची पिंपं नसली तरी कुणी परदेशी निघालं की घरच्या बाईने झऱ्याचं पाणी आधी स्वतः चाखायचं, मग जाणाऱ्याला द्यायचं. त्या दिवशी तिने उपास करायचा नाही, ही येसूने घालून दिलेली रीत. आमची प्रणिता बाटली भरून नेते. विमानतळावर आत नेऊ देत नाहीत, तर दाराशी उभी राहून सगळी पिऊन टाकते, पोलीस बघत राहतो. आणि आजही ज्यांचा फोन येत नाही, पत्ता लागत नाही, त्यांना आम्ही गेले म्हणत नाही.

बघा, बोलता बोलता पाणी उतरलं. ती भेग दिसली का? थांबा, घाई नको, खारं वाहून जाऊ दे. हं, आता या, चपला इथेच काढा, शेवाळावर जपून.

पहिली ओंजळ पिऊ नका हं. तुमच्यातही कुणाचा लेक, कुणाची बहीण समुद्रापलीकडे असेल. कुणाचं माणूस नुसतंच दूर गेलं असेल, रागावून, न सांगता. त्यांचं नाव घ्या आणि ती ओंजळ सोडा. मोठ्याने नाही घेतलं तरी चालेल, देवीला ऐकू येतं. आणि उद्या आपापल्या घरी गेलात की झरा नसेल, समुद्र नसेल, तरी सकाळी पाण्याचा तांब्या भराल तेव्हा पहिला घोट तुळशीला, कुंडीला, अंगणातल्या मातीला, कुठेही घाला, आणि एवढं म्हणा, की तो आहे, दर्यापार आहे. माझं एवढं ऐका. मग दुसरा घोट तुमचा.

चाखा आता. गोड लागतंय ना?